नखाएवढी भिंत

खाणविद्येच्या कॉलेजात मिस्त्री एकोणतीस वर्षं लाकडाची जमीन बनवत होते. फिकट लाकडाची वाळू, तांबूस लाकडाची चिकणमाती, काळ्या शिसवीचा कोळसा, असे थर चिकटवून ते तिरका काप द्यायचे. मग एक ठोकळा खाली सरकवला, की जमीन कशी खचते ते विद्यार्थ्यांना बघता यायचं. शिक्षण चौथीपर्यंतचं, पण हाताला जात्याच माप होतं.

एका वर्षी गावाबाहेरच्या चालू खाणीचा नमुना करायचं ठरलं. त्या खाणीत त्यांचा जावई कामाला होता, म्हणून त्यांनी जरा जास्तच जीव ओतला. शेजारीच एक जुनी, बंद पडलेली, पाण्यानं तुडुंब भरलेली खाण होती. नव्या नकाशाप्रमाणे दोन्हींच्या मध्ये साठ फूट कोळसा होता, म्हणजे नमुन्यात दोन बोटं. मिस्त्रींनी जुनी खाण मात्र तिच्या स्वतःच्या नकाशावरून कापली. तो कपाटात धूळ खात पडला होता. दोन्ही भाग जोडले, तर मधली भिंत नखाएवढी उरली.

त्यांनी तीनदा मोजलं आणि विभागप्रमुखांना बोलावून आणलं.

"लाकूड फुगलं असेल तुमचं," ते हसून म्हणाले.

"फुगलं तर सगळीकडनं फुगेल ना, साहेब?"

"जुन्या नकाशावर कोण विश्वास ठेवतो! रंगकाम उरका."

रविवारी जावई आणि मुलगी जेवायला आले, तेव्हा मिस्त्रींनी विषय काढला.

"मामा, मुकादमाला हे सांगितलं तर म्हणेल, सासऱ्याच्या खेळण्यावर खाण चालवायची का?"

"म्हणू दे. विचार तरी."

जावयानं विचारलं. मुकादम तेच म्हणाला, अगदी शब्दशः.

अकराव्या दिवशी सकाळच्या पाळीत पाणी फुटलं. एकोणीस माणसं आत होती. बाराजणांची प्रेतं मिळाली. जावयाचं प्रेतही हाती लागलं नाही.

चौकशी झाली. मिस्त्री नमुना स्वतः उचलून घेऊन गेले. अधिकाऱ्यांनी शिक्षण विचारलं, लिहून घेतलं आणि नमुना शिकवण्यासाठी असतो, पुराव्यासाठी नव्हे, असा शेरा मारला. विभागप्रमुख मान खाली घालून बसले होते. अहवालात आलं: भिंत साठ फुटांचीच होती, पण आतून भेगाळलेली, आपत्ती नैसर्गिक.

पुढच्या वर्षी कॉलेजला या अपघाताचाच नमुना हवा झाला. मिस्त्रींनी काम घेतलं. मुलगी तोवर माहेरी राहायला आली होती.

"बाबा, तुमचे हात तरी कसे धजतात?"

"दुसऱ्या कुणी केला, तर भिंत चुकीची दाखवतील."

त्यांनी ती नखाएवढीच कापली. विभागप्रमुखांनी अहवालाप्रमाणे दोन बोटांची करायला सांगितली. मिस्त्री ऐकेनात. मग बाहेरच्या सुतारानं चार दिवसांत दुसरा नमुना करून दिला. मिस्त्रींचा कुठे गेला, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. ते भिंतीवर अडून बसले, हे मुलीला कळलंच नाही; तिला एवढंच ठाऊक होतं, की बाबांनी ते काम हातात घेतलं होतं. ती तेव्हापासून कामापुरतं बोलू लागली.

निवृत्तीनंतर एका दाखल्यासाठी ते कॉलेजात गेले. वर्गाचं दार उघडं होतं. तरुण शिक्षिका त्या सुताराच्या नमुन्यावर बोट ठेवून सांगत होत्या, "एवढ्या जाड भिंतीतून पाणी येईल, असं तेव्हा कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं."

मुलं वहीत उतरवून घेत होती. मिस्त्री उंबऱ्याशी जरा वेळ थांबले. आत जावं, असं त्यांना वाटलं नाही. त्यांनी दाखल्यावर सही घेतली आणि घरी आले.

"झालं काम?" मुलीनं विचारलं.

"झालं."

तिनं ताट वाढलं, आणि ती आतल्या खोलीत निघून गेली.