शिवी दिल्याशिवाय औषध नाही

स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात हिलटाऊनच्या चढावर इश्बेल रेनीचं औषधाचं दुकान आहे. तिथे शिवी दिल्याशिवाय आम्हाला औषध मिळत नाही. आम्हाला म्हणजे हेरॉईन सोडायला निघालेल्यांना. रोज सकाळी जायचं, इश्बेलच्या डोळ्यांसमोर हेरॉईनची तलफ मारणारं कपातलं हिरवं मेथाडोन प्यायचं आणि कामाला लागायचं.

माणूस शुद्धीत आहे ना, हे आधी बघणं तिचं काम. दुसरं काही घेऊन आलेल्याच्या पोटात मेथाडोन पडलं, तर तो झोपतो तो कायमचा. इतर औषधवाले आमच्याकडे असे बघतात, जणू त्यांचा टीव्ही आम्हीच पळवलाय. माझ्या बाबतीत ते अगदीच खोटं नाही, तरी राग येतो. इश्बेल मात्र काउंटरवर कोपरं टेकून म्हणते, "हं, बोल. आज मी कशी दिसते?" मग तिला ताजी शिवी द्यायची. कालची चालत नाही.

"शिळी शिवी काय, झोपेतही देता येते," असं तिचं म्हणणं.

खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या सभ्य बायका नाकं मुरडतात. पण आर्ची मिल्नचा नंबर आला की त्याच बायका पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत रेंगाळतात. आर्ची आमच्यातला उस्ताद. गोदीत वेल्डर होता, पाठीला मार बसला, दुखण्यावर गोळ्या लागल्या आणि गोळ्यांवरून गडी हेरॉईनवर गेला. एकदा तो म्हणाला, "इश्बेल, तुला बघून रोग पळतात. त्यांनाही जीव प्यारा असतो." त्या दिवशी खोकल्याच्या एका बाईला खरंच ठसका लागला.

एका शनिवारी तो किल्ट, म्हणजे आमच्याकडचा पुरुषांचा ठेवणीतला चौकड्यांचा घागरा, घालून, दाढी करून आला. दुपारी त्याच्या लेकीचं, मोर्वेनचं लग्न होतं. कित्येक वर्षं ती त्याच्याशी बोलत नव्हती. आता तिनेच बोलावलं होतं, हाताला धरून मला नवऱ्यापर्यंत ने म्हणून.

"हं, बोल," इश्बेल म्हणाली. "आज मी कशी दिसते?"

आर्ची गोड हसला. "छान दिसतेस गं."

इश्बेलने कप मागे ओढला.

"काय घेतलंस?"

"काही नाही गं. हात थरथरत होते. कोपऱ्यावरच्या माणसाकडून मन शांत करायच्या दोन निळ्या गोळ्या, आजच्यापुरत्या."

"मग आज मेथाडोन नाही. बस तिथे."

"पोरीचं लग्न आहे माझ्या! थरथरत जाऊ?"

"थरथरत जा. जिवंत जा."

"जिंटी, तू तरी सांग हिला!" तो माझ्याकडे वळला. मला त्याची इतकी दया आली की मी त्याची बाजू घ्यायला तोंड उघडलंही. तेवढ्यात तो खुर्चीत बसला आणि त्याची मान लुळी पडली. ओठ निळसर झाले होते.

"जिंटी, तुझा फवारा!" इश्बेल ओरडली. ती काउंटर ओलांडून केव्हाच त्याच्यापाशी पोचली होती.

आमच्या प्रत्येकाच्या पिशवीत तिने नालोक्सोनचा, म्हणजे हेरॉईनसारख्या नशेचा असर उतरवणाऱ्या औषधाचा, फवारा कोंबलेला असतो. आम्ही त्याला जमिनीवर आडवं केलं आणि मी फवारा त्याच्या नाकात मारला. इश्बेल त्याच्या तोंडात श्वास भरत राहिली. खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या एका बाईने अॅम्ब्युलन्स बोलावली. शेवटी आर्चीने मोठा श्वास घेतला आणि डोळे उघडले.

"लग्न," तो म्हणाला.

पण अॅम्ब्युलन्सवाल्यांनी त्याला सोडलं नाही. फवाऱ्याचा असर लवकर उतरतो, असल्या बनावट गोळीतलं हेरॉईनसारखं विष मागे राहतं, आणि माणूस पुन्हा बेशुद्ध होऊ शकतो. स्ट्रेचरवर आर्ची लहान मुलासारखा रडला. "आता ती कधीच नाही बोलणार माझ्याशी."

दुकान बंद करून, मोर्वेनला निरोप धाडून आम्ही दोघी हॉस्पिटलात जाऊन बसलो. संध्याकाळी मोर्वेन वॉर्डात शिरली, लग्नाच्या पोशाखात, रागाने लाल होऊन.

"एकटी चालत गेले मी, बाबा. सगळ्यांसमोर."

"माहीत आहे गं."

"ऊठ."

"कुठे?"

"मला न्यायचं कबूल केलं होतंस ना? चल, त्या दारापर्यंत."

हॉस्पिटलचा झगा मागून सताड उघडा असतो, हे आर्चीच्या ध्यानात आलं नाही. लेकीचा हात धरून तो ताठ मानेने निघाला आणि अख्ख्या वॉर्डाला त्याच्या मागच्या बाजूचं दर्शन घडलं. मी नवरीच्या पोशाखाचा लांब घोळ उचलला. इश्बेलने दोन्ही हातांनी आर्चीच्या झग्याची फट घट्ट धरली. अशी आमची वरात हळूहळू दाराकडे निघाली, आणि दारात नवरा हसू दाबत उभा होता.