आईनं घासलेलं लायनर

माझी आई कुठलीही नवी वस्तू घासल्याशिवाय वापरायला काढायची नाही. अक्षय्य तृतीया, आमची अखाजी, तोंडावर आली की घरातलं सगळं तांबं-पितळ अंगणात मांडून बसायची. गेल्या वर्षी त्या पसाऱ्यात आमच्या डिझेल इंजिनाचं नवंकोरं लायनरही होतं, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते लोखंडी नळकांडं. त्याच्या आतल्या बाजूला बारीक तिरप्या रेघा होत्या. दुकानदारानं ओरखडलेला माल गळ्यात मारला म्हणत तिनं झिरो नंबरचा पॉलिश पेपर घेतला आणि तोंड दिसेल इतकं ते लख्ख केलं. वर हळदकुंकू लावलं. मी ते बसवलं, पिस्टनवर नव्या रिंगाही चढवल्या.

डीपी जळाल्यामुळे शेताची वीज बंद होती आणि तापीकाठची आमची केळी ऐन घडावर होती. इंजिनानं पाणी ओढलं तरच ती वाचणार. ते सुरू झालं आणि मी बघतच राहिलो. निळा धूर, तेल तर पाण्यासारखं पीत होतं, आणि पाणी काही वरच्या ओळींपर्यंत पोचेना. जुन्या, झिजलेल्या रिंगांवर ते याहून बरं ओढत होतं! माझं डोकंच फिरलं. रिंगा डुप्लिकेट दिल्या म्हणून दुकानात जाऊन नको नको ते बोलून आलो.

शेवटी सिंधीपुऱ्यातून मेकॅनिक आणला. त्यानं इंजिन खोललं, लायनरच्या आत बोट फिरवलं. मग त्यानं समजावून सांगितलं. जळत्या वायूचा दाब रिंगच्या मागे शिरून तिला लायनरच्या भिंतीवर दाबतो. त्या रेघांवर घासूनच नवी रिंग नीट बसते आणि त्यांच्यातच तेल टिकतं. भिंत गुळगुळीत झाली की रिंग बसतच नाही. दाब खाली निसटतो, तेल वर चढून जळतं.

"चमकवलं कोणी हे, भाऊ?" त्यानं विचारलं.

"मी," मागून आई म्हणाली. "म्हंजे बाग मीच वाळवली का?"

मेकॅनिकनं लायनरच्या आत खरखरीत दगड फिरवून रेघा पुन्हा पाडल्या, दुसऱ्या रिंगा घातल्या. आई पाठ करून बसली होती. संध्याकाळी पाणी वरपर्यंत गेलं, पण तिथल्या केळींनी केव्हाच माना टाकल्या होत्या.

यंदा अखाजीला देवघरात गेलो आणि चरकलो. पितळेचे देव काळेच होते, त्यावरच गंध लावलेलं. मी आईकडे पाहिलं.

"राहू दे रे," ती म्हणाली. "काय घासावं अन् काय नाही, मले आता कळत नाही."