व्यंगाचा फोटो

बहात्तरच्या दुष्काळातला उन्हाळा, कोल्हारचा एसटी स्टँड, आणि समोर आमचं घर... घराच्या रस्त्याकडच्या खोलीत माझ्या धाकट्या काकांनी व्यंगचित्रांचं संग्रहालय काढलं होतं. संग्रहालय म्हणजे काय, चार भिंती आणि एक बाक.

काका हायस्कुलात ड्रॉइंग शिकवायचे. दिवाळी अंकांतली, वर्तमानपत्रांतली चित्रं कापून पुठ्ठ्यावर चिकटवायची आणि मधेमधे स्वतःची घुसडायची, हा त्यांचा उद्योग. त्यांची बरीचशी चित्रं मुंबई-पुण्याहून 'साभार परत' आलेली... इथे मात्र ती मानाच्या जागी होती.

दारावर लाल ऑइलपेंटनं पाटी लिहिली होती, 'व्यंगचित्र संग्रहालय. प्रवेश मोफत.' शिर्डीला निघालेले लोक गाडी येईपर्यंत सावलीला म्हणून आत शिरायचे आणि खो खो हसून जायचे. प्रवरा आटलेली, माणसं खडी फोडायला चाललेली, आणि आमच्या घरात हा हसण्याचा कारखाना. आई म्हणायची, कशात काय अन् फाटक्यात पाय.

एका दुपारी राजूरकडची एक बाई आत आली. बरोबर तिची मुलगी ठकी, असेल बारा-तेराची. डावा पाय फेंगडा, टाच जमिनीला टेकत नव्हती.

बाई कुणाला काही विचारेना, सांगेना. तिनं ठकीला बाकावर बसवलं, परकर गुडघ्यापर्यंत सारला, तो पाय नीट लांब करून ठेवला आणि म्हणाली, "आता हलू नको." काका माझ्याकडे बघायला लागले, मी काकांकडे.

हळूहळू उलगडा झाला. ठकी लहानपणी माळ्यावरून पडली होती आणि मोडलेलं हाड वाकडंच सांधलं होतं. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, नगरला जाऊन पायाचा फोटो काढून आणा, मग बघू.

गाडी बदलायला मायलेकी कोल्हारला उतरल्या. स्टँडवर कुणा शहाण्यानं तिला आमची पाटी वाचून दाखवली... व्यंगाचं चित्र काढतात, तेही फुकट. मग नगरला कशाला जायचं? तिनं नगरची गाडी सोडून दिली.

पाटीत चूक नव्हती हो. आणि तिची तरी काय चूक... व्यंग म्हणजे व्यंग, अन् चित्र म्हणजे फोटो.

तिला घाई होती. सगळं घर दुष्काळी कामावर निघणार होतं, लांब, मुक्कामाला. ठकीला तेवढं चालवत नव्हतं. डॉक्टर एकदा पाय ओढून बसवतील की झालं, असं तिच्या डोक्यात. नाहीतर पोरीला मामाच्या दारात टाकून जावं लागणार. मामी कशी आहे ते तिनं सांगितलं नाही, नुसती मान फिरवली.

सांगायचं माझ्यावर आलं. मी म्हटलं, "मावशी, इथं पायाचा फोटो निघत नाही. ही गमतीची चित्रं आहेत, हसायला."

ती भिंतीजवळ गेली. एका पुढाऱ्याचं भोपळ्याएवढं नाक, दुसऱ्याचे काडीसारखे वाकडे पाय... बराच वेळ बघत राहिली.

"हे तर व्यंगच हाय की. मंग ह्याला हसत्यात व्हय लोकं?"

व्यंगचित्र ह्या विषयावर काका एरवी तासभर बोलायचे, जेवताना सुद्धा. त्या दिवशी ते उठून स्टँडवर नगरच्या गाडीची चौकशी करायला गेले. मला मात्र भयंकर राग आला... कुणाचा, ते अजून कळलेलं नाही.

त्या रात्री मायलेकी आमच्याकडेच राहिल्या. सकाळच्या गाडीनं काका त्यांना घेऊन नगरला गेले आणि फोटो निघाला. तिथले डॉक्टर म्हणाले, हाड पुन्हा मोडून बसवावं लागेल. पुण्याला न्या, काही महिने तिथेच राहावं लागेल.

बाईनं सगळं ऐकून घेतलं. मागे बाकीची पोरं, म्हातारा सासरा, आणि काम सोडलं तर चूल बंद. "न्हाई जमायचं," एवढंच म्हणाली. काकांनी लई विनवलं, पुण्याचं मी बघतो म्हणाले, पण ती मान हलवत राहिली. पुण्यात पोरीजवळ बसणार कोण?

परत येताना कोल्हारला गाडी बदलायला सगळी उतरली. मी पाणी घेऊन स्टँडवर गेले होते. बाईनं तो काळा फोटो काकांपुढे धरला. "ह्यो तुमीच ठिवा गुरुजी. घरी नेला तर ही दिसभर उजेडाला धरून बसंल."

काकांनी तो दोन्ही हातांनी घेतला. तेवढ्यात ठकी बोलली. तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"भितीला लावू नका. तितं हसत्यात."

"नाही लावणार, बाळ," काका म्हणाले. गाडी आली, बाईनं तिला उचलूनच वर चढवलं. पुढे ती मामाकडेच राहिली असणार. राजूरकडे जाणाऱ्या लोकांजवळ काकांनी पुष्कळ चौकशी केली, पत्ता लागला नाही.

संग्रहालय काही बंद पडलं नाही. लोक येत, हसत, जात. पण काकांच्या नव्या चित्रांतली माणसं कमरेपर्यंतच असायची... पाय काढायचं त्यांनी सोडून दिलं. कुणी विचारलं तर म्हणायचे, कागद पुरला नाही.

काका गेले, पुठ्ठे वाळवीनं खाल्ले. ठकीचा फोटो त्यांनी आधीच माझ्या हवाली केला होता. तो कपाटात आहे, पाकिटात. भिंतीला कधी लावला नाही. घरचे म्हणतात, टाकून दे, पन्नास वर्षं झाली, आता काय उपयोग?

उपयोग काही नाही. त्या पोरीसाठी आमच्या हातून काहीच झालं नाही... तिनं मागितलं तेवढं एकच देता आलं, ते अजून देतेय.