सम्राटाच्या बायकोला कुणी विचारलं नाही

मेलबर्नजवळच्या टार्निटहून निघताना मंदार खुशीत होता. इरा, आमची मुलगी, युनिव्हर्सिटीत रमली होती. आता आपण दोघांनीच हिंडायचं, असं म्हणत त्यानेच क्रोएशियातलं स्प्लिट ठरवलं. तिथे समुद्रकाठी एका रोमन सम्राटाचा महाल आहे.

हा महाल म्हणजेच जुनं गाव. सम्राटाच्या भिंतींना टेकून लोकांनी घरं बांधलीत आणि कमानींखाली कपडे वाळत असतात. फरशी पावलांनी इतकी गुळगुळीत झालीय की पहिल्याच वळणावर मी आपटले. कोपर सोलवटलं.

आमची गाइड आधी तळघरात घेऊन गेली. दगडी खांब, दमट गारवा. सम्राटाने आपणहून गादी सोडली, इथे येऊन कोबी लावले, परत बोलावलं तरी गेला नाही, असं तिने सांगितलं. सगळे हसले. मंदार म्हणाला, असं जगता आलं पाहिजे. मी सम्राटाच्या बायकोबद्दल विचारलं. ती इथे राहिली की नाही, नक्की माहीत नाही, गाइड म्हणाली. नव्या राज्यकर्त्यांनी मुलीला हद्दपार केलं, म्हाताऱ्या सम्राटाने विनवण्या केल्या, कुणी ऐकलं नाही. पुढे मायलेकी दोघींचीही मुंडकी उडवली. एवढं बोलून ती आम्हाला इजिप्तहून आणलेला काळा स्फिंक्स दाखवायला घेऊन गेली.

दुपारी आम्ही सोपार्निक (दोन पातळ पोळ्यांत पालेभाजी भरून निखाऱ्यांवर भाजलेला पदार्थ) खाल्लं. शेजारच्या टेबलावर ब्रिस्बेनकडच्या स्प्रिंगफील्ड लेक्सचं एक तेलुगू जोडपं होतं. हिंदीत गप्पा रंगल्या. त्यांना मंदार सहज म्हणाला, "हम तो जनवरी में पुणे शिफ्ट हो रहे हैं. मैंने नोटिस भी दे दिया."

घास माझ्या तोंडातच राहिला. ते दोघं गेल्यावर मी विचारलं, "मला कधी सांगणार होतास?"

"परत गेल्यावर. आई-बाबा थकलेत गं. आणि तू डॉक्टर आहेस, तुला कुठेही काम मिळेल."

ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरकीच्या परीक्षा मी इराला मांडीवर घेऊन पुन्हा दिल्या होत्या. मुलांच्या वॉर्डची प्रमुख म्हणून माझं नाव नुकतंच लागलं होतं. त्या दिवशी केक त्यानेच आणला होता.

उरलेले दिवस तो फोटो काढत होता. सम्राटाच्या कबरीच्या जागी आता चर्च आहे, ज्या ख्रिश्चनांना त्याने छळलं त्यांचं. मी तिथे बराच वेळ बसून राहिले. एका घरात इतकी वर्षं राहूनही एवढं मोठं ठरवताना मी मंदारला आठवले नाही, हे कळायला इतक्या लांब यावं लागलं.

मेलबर्नला इरा गाडी घेऊन आली होती. मी पुढे बसले, मंदार मागे. हाऊ वॉज इट, तिने विचारलं. ऑसम, तो म्हणाला.

"इरा, बाबा पुण्याला राहायला चाललेत," मी म्हटलं. "मी नाही जाणार."

तिने आरशातून मागे पाहिलं. "डज बाबा नो?"

"आत्ता कळलं," मी म्हटलं.