कॉलरचं माप

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या मामांचे. ते शिंपी होते. वडील गेल्यावर आई मला घेऊन माहेरी आली, तेव्हापासून माझी शाळा, कॉलेज, वसतिगृह, सगळं त्यांच्या शिलाई मशीनवर चाललं. कापड बेतायच्या टेबलावर मी अभ्यास करायचो. गिऱ्हाईक आलं की वह्या उचलायच्या, गेलं की पुन्हा मांडायच्या. घरातला मी पहिला पदवीधर. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागलो, तेव्हा पहिल्या दिवशी घातलेला शर्टही मामांनीच शिवलेला होता.

पुढच्या वर्षी मामा बंगळूरला आले ते गळ्याला उपरणं गुंडाळूनच. मॅजेस्टिकच्या बस स्टँडवर उतरल्या उतरल्या म्हणाले, "इंजिनिअर, माझी कॉलर वाढली रं. साडेचौदाची सोळा झाली."

मी हसलो. मला वाटलं, चेष्टा करतायत. खोलीवर आल्यावर त्यांनी उपरणं सोडलं. मानेच्या डाव्या बाजूला, कानाखालून गळ्यापर्यंत, एकमेकींना चिकटलेल्या गाठी होत्या. त्यांच्यावर कुणीतरी बिब्बा लावला होता, तिथे कातडी भाजून काळी पडली होती. बाकी अंग मात्र निम्मं झालं होतं.

"दुखतंय?"

"दुखत न्हाई, म्हणून तर अंगावर काढलं. संध्याकाळची कणकण येते, तेवढंच."

दुसऱ्या दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गाठीत सुई घालून आतला द्रव तपासायला पाठवला, छातीचा फोटो काढला. छाती स्वच्छ होती. गाठींचा क्षय निघाला. आमच्याकडे त्याला गंडमाळ म्हणतात, आणि हळू आवाजात म्हणतात. डॉक्टर म्हणाले, "छातीत नाही, त्यामुळे एका ताटात जेवलात तरी कुणाला लागणार नाही. गोळ्या मात्र पूर्ण मुदत घ्यायच्या. मध्ये सोडायच्या नाहीत."

माझ्या घरमालकीण पिढ्यान्पिढ्या बंगळूरला राहिलेल्या मराठी घरातल्या. त्यांना सगळे अक्का म्हणत. मी त्यांना डॉक्टरांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. त्या आपल्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाल्या, "सरी, सरी, बरं. पण जेवताना स्वल्प लांब बसा हं."

मामा म्हणाले, "किती लांब ते सांगा अक्का, टेप आणलीय मी."

अक्का हसल्या, पण मामांचं पाणी त्यांनी वेगळ्याच तांब्यातून दिलं. मामांनी तांब्याकडे पाहिलं आणि पाणी पिऊन टाकलं.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांना चिकपेटच्या कापडबाजारात नेलं. त्या गर्दीत दुकानामागून दुकान ते हिंडले. कापडाचं ठाण चिमटीत धरून चोळायचे, उजेडात धरायचे, भाव विचारायचे आणि पुढे जायचे. एका दुकानाच्या पायरीवर दम खायला बसले तेव्हा म्हणाले, "हितं बरं हाय. लोकं कापडाकडं बघत्यात, गळ्याकडं न्हाई."

गोळ्या घेऊन ते गावी गेले. दर रविवारी स्वतःच्या गळ्याला टेप लावायची आणि मला पोस्टकार्ड टाकायचं, हे त्यांनीच ठरवलं. मलाही ते पटलं होतं. पहिल्या कार्डावर सोळा होतं, मग थोडं उतरलं. नंतर माप पुन्हा चढायला लागलं. मग कार्डं बंद झाली. मी दोनदा लिहिलं, उत्तर नाही. शेवटी आलं ते हे: "कॉलर सतरा. गोळ्या उलट्या पडल्या, बंद करून लई दिवस झाले. वैदूने गाठीला चिरा दिला. जखम वाहते. तू काळजी करू नको."

मी कार्ड घेऊन डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी वाचलं आणि कपाळाला हात लावला. औषध लागू पडत असतानाही काहींच्या गाठी मध्येच फुगतात, म्हणाले. मेलेल्या जंतूंशीही शरीर झगडतं, त्याची ती सूज असते. मऊ पडली तर सुईने पू काढायचा, कापायचं नाही.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"सगळ्यांना होत नाही," ते म्हणाले. मग मामांना काय काय कळवायचं ते एकेक सांगितलं.

रजा मंजूर व्हायला वेळ होता, म्हणून त्याच दिवशी पत्र टाकलं. मी गावी पोचलो तेव्हा मामांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या होत्या. पण मध्ये फार दिवस गेले होते. दुखणं आता त्या गोळ्यांना जुमानेना. जखम बुजली नाही आणि पुढे ते छातीत उतरलं. गिऱ्हाइकांनी कपडे टाकणं बंद केलं. लोकांचे शिवून झालेले कपडेही कुणी न्यायला आलं नाही. मशीनवर कापड टाकून मामा दुकानात नुसते बसून राहायचे. ते गेल्यावर मामींनी मला त्यांची टेप दिली, आणि मी त्या दिवशी टाकलेलं ते पत्रही. म्हणून ते जसं पाठवलं तसंच इथे देतो.

"मामा, नमस्कार.

कार्ड मिळालं. गोळ्या आजच्या आज पुन्हा सुरू करा. हे मी डॉक्टरांना विचारून लिहितो आहे. गाठ वाढली म्हणजे औषध चुकलं असं नाही. जंतू मरतानाही सूज येते. तुम्हीच मला शिकवलं आहे, कोरं कापड भिजवून वाळवल्याशिवाय त्याचं माप खरं धरायचं नाही. तुमचा गळा अजून पाण्यातच आहे, मामा. आत्ता घेतलेलं माप खोटं निघेल.

जखमेवर पाला, बिब्बा, काही लावू नका. स्वच्छ कापड बांधा. वैदूला पुन्हा हात लावू देऊ नका. मामींनी आणि मुलांनी तुमच्यापासून लांब बसायची गरज नाही, हे त्यांना वाचून दाखवा. गोळ्यांनी लघवी लाल होते, त्यालाही घाबरू नका.

टेप मामींकडे देऊन टाका. रजा मिळाली की मी येतो, माप मी घेईन. मला एक शर्ट हवा आहे, तेवढा बेतून ठेवा. माझं माप तुम्हाला पाठ आहे."