आपोआप गिअरची गाडी

बहात्तरच्या दुष्काळात माझं पोस्टिंग नगरच्या छावणीत होतं. आदल्या हिवाळ्यात सीमेवरची लढाई आटोपून आम्ही परतलो होतो. वाटलं होतं, आता जरा पाठ टेकायला मिळेल. कसलं काय! पाथर्डीकडच्या गावांना पाणी पोचवायची ड्युटी लागली. सकाळी टाकी भरायची, करंजी घाट उतरायचा, गावोगाव पाणी ओतायचं आणि संध्याकाळी परतायचं. रोज तोच घाट, तीच धूळ. जीव अगदी विटून गेला होता.

मी हवालदार. माझ्या गाडीचा ड्रायव्हर लान्सनायक म्हातारदेव, शेवगावकडचा. वय पंचविशीच्या आतलं, पण युनिटमध्ये सगळे त्याला म्हाताऱ्याच म्हणायचे. लढाईत आम्ही एकाच गाडीवर होतो.

आमचा नेहमीचा ट्रक वर्कशॉपमध्ये गेला आणि बदली गाडी मिळाली. लढाईत हाती लागलेला अमेरिकन ट्रक. स्टिअरिंग डावीकडे, क्लच नाहीच आणि गिअर आपोआप बदलणारे. छावणीच्या सपाट रस्त्यांवर तो चालवून म्हाताऱ्या बेहद्द खूश होता.

"उस्ताद, माज्या डाव्या पायाला पेन्शन मिळाली," तो म्हणाला.

आमच्यात एक शिस्त होती. घाटमाथ्यावर गाडी थांबवायची. ज्या गिअरनं घाट चढतो, त्याच गिअरनं उतरायचं, आणि तो गिअर ड्रायव्हरनं शेजारच्याला मोठ्यानं सांगायचा. मग इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ब्रेकवर भार येत नाही. या गाडीच्या पहिल्या फेरीलाही आम्ही माथ्यावर थांबलो.

"गिअर?" मी विचारलं.

"काय सांगू? इथवर येताना तिचं तिनंच बदलले. आता बी तीच बगंल."

त्या गाडीला उतारावर लिव्हर आधीच खालच्या गिअरला अडकवावा लागतो, हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं.

ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की आमचा जुना ट्रक वेग आवरायचा. हिचं उलटं. वेग वाढला तशी ती आपणहून वरच्या गिअरमध्ये गेली. इंजिनाचा आवाज मऊ झाला आणि गाडी मोकळी सुटली. पाठीमागे पाण्याची भरलेली टाकी रेटत होती. म्हाताऱ्या ब्रेक दाबत राहिला. दोन वळणं गेली आणि ब्रेक जळाल्याचा वास केबिनमध्ये भरला.

"ब्रेक लागंना."

"लिव्हर ओढ. हँडब्रेक."

दोन्ही करून झालं. गाडीनं दाद दिली नाही.

पुढच्या वळणावर दुष्काळी कामावरच्या बायका खडी फोडत बसल्या होत्या, थेट रस्त्याच्या मध्यापर्यंत. हॉर्न ऐकून त्या उठल्या, पण पळायला वेळ नव्हता. उजवीकडे दरी होती, डावीकडे डोंगर. आणि म्हाताऱ्या डाव्या सीटवर होता.

"उस्ताद, घट धरा."

एवढंच बोलला आणि त्यानं गाडी डोंगरावर घातली.

मी शुद्धीवर आलो तेव्हा रस्त्यावर पडलो होतो. टाकी फुटली होती. पाणी उतारावरून वाहून चाललं होतं. त्या बायका घोटभर पाण्यासाठी कोसभर चालणाऱ्या, पण एकीनंही हंडा पुढे केला नाही. त्यांच्यातलं कुणी दगावलं नव्हतं. म्हाताऱ्याला त्यांनी बाहेर काढून निजवलं होतं. तो गेला होता. एक आजी ओल्या पदरानं त्याचं तोंड पुसत होती.

"कुनाचं हाय रं हे लेकरू?" तिनं मला विचारलं.

मी सवयीनं त्याचा नंबर, रँक, नाव सांगू लागलो.

"त्ये न्हाई, बाबा. आईचं नाव सांग."

ते मला ठाऊक नव्हतं. इतके महिने आम्ही एका ताटात जेवलो होतो, आणि ते मला ठाऊक नव्हतं. मला रडू फुटलं.

पुढे त्याच्या घरी गेलो, तेव्हा कळलं. आता वय झालं, पुष्कळ नावं विसरतो. हे विसरत नाही. लान्सनायक म्हातारदेव, गंगूबाईचा.