पायपेटीवाल्याचा सिनेमा

"हे वाजवणं होय का ढोरं हाकलणं?" असं विचारून तो पायपेटीवरचा हात वर करायचा. बेसूर वाजवणाऱ्याला तिथेच मेल्यासारखं व्हायचं. असा एखादा खडूस तुम्हीही पाहिला असेल. मी शाळामास्तर, त्याचा तबलजी. मी हे रोज ऐकलं.

गडचिरोलीकडच्या आमच्या गावात त्याचा नाटकाचा ऑर्केस्ट्रा होता. जंगलात बंदुका सुरू झाल्या आणि चार माणसांनी एकत्र बसणंही धोक्याचं झालं. क्लॅरिओनेट वाजवणाऱ्या त्याच्या धाकट्या भावाला पोलिसांचा खबऱ्या ठरवून जंगलवाल्यांनी मारलं. पेटी माळ्यावर गेली.

बऱ्याच वर्षांनी भीती ओसरली, तेव्हा त्यानेच ती खाली काढली. उंदरांनी कुरतडलेला भाता शिवला. भावाची क्लॅरिओनेट भावाच्याच मुलीला दिली. गावाने नाकं मुरडली, तर म्हणाला, "तुमच्या नाकानं वाजवून राह्यली का ते?"

मग शहरातून माहितीपटवाले आले. दिग्दर्शकाच्या गळ्यात आमच्या कुणाहीपेक्षा गावठी गमछा! त्याने स्वच्छ पेटीवर धूळ टाकून ती पुसायला लावली. वर म्हणाला, "काका, भावाला आठवून जरा रडा ना. अगदी नैसर्गिक."

"रडाचं होतं ते रडून झालं, सायब. आता वाजवून राह्यलो. ते घ्या."

चंद्रपूरच्या सभागृहात सिनेमा दाखवला. पडद्यावर त्याची बोटं पेटीवर पळत होती, पुतणीचे गाल फुगत होते. ऐकू येत होतं मात्र कुठलंसं रडकं व्हायोलिन. शेवटपर्यंत तेच. लोक डोळे पुसत होते. मीही टाळ्या वाजवल्या. एवढा मी शहाणा.

सत्काराला नाव पुकारलं, तर त्याची खुर्ची रिकामी. "काका भावुक झाले," दिग्दर्शकाने माईकवरून सांगून टाकलं.

काका बाहेर पायरीवर बसले होते. शेजारी पुतणी रडत होती. "माहा सूर खराब होता काय, मोठेबाबा? म्हणून काढला काय?"

जन्मात कुणाला चांगलं न म्हणालेला तो माणूस म्हणाला, "नाई बाई. तुह्या बापापेक्षा चांगला आहे. त्या सिनेमावाल्याहिले ऐकूच येत नाई."

गेल्या माघात तो गेला. दिग्दर्शकाने श्रद्धांजली म्हणून फोनवर सिनेमातला तोच तुकडा पाठवला, व्हायोलिनसकट. पुतणीने आवाज पूर्ण बंद केला. फोन भिंतीला टेकवून ठेवला, क्लॅरिओनेट उचलली, आणि त्याच्या बोटांकडे बघत बघत ती वाजवू लागली.